यंत्र कोणाचे? सायबरपंक वाङ्मय आणि कुंभकोणमचा धडा

गेल्या चार दशकांत भांडवली जगाच्या करमणुकीच्या बाजारात ‘सायबरपंक’ या नावाचा एक वाङ्मयप्रकार रुजला. आधी कथा-कादंबऱ्या, मग चित्रपट आणि आता संगणकावरील खेळ अशी त्याची वाटचाल झाली. शहरांतील तरुण कामगार, विद्यार्थी आणि संगणक क्षेत्रातील नोकरदार यांच्यात त्याचा मोठा चाहतावर्ग आहे. त्याची व्याख्या काय, या प्रश्नावर बाजाराचे उत्तर ठरलेले आहे: रात्रीचा पाऊस, निऑनचे दिवे, गगनचुंबी इमारती, धातूचे हातपाय बसवलेली माणसे आणि काळा चष्मा घातलेला एकटा नायक. हे उत्तर अपुरे तर आहेच, शिवाय दिशाभूल करणारेही आहे. ज्या आशयामुळे या प्रकाराला काही किंमत आली, नेमका तोच आशय या व्याख्येतून वगळलेला आहे.

दुसऱ्या बाजूला, पुरोगामी चळवळीतील काही मंडळी हा सारा प्रकार ‘पाश्चात्त्य भांडवली संस्कृतीची सडकी पैदास’ म्हणून एका वाक्यात निकालात काढतात. हा निकालही घाईचा आहे. शत्रूच्या घरातून निघालेली साक्ष ऐकून घेण्याआधीच साक्षीदाराला हाकलून देणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

जन्म कोणत्या काळात झाला?

‘सायबरपंक’ हा शब्द ब्रूस बेथकी या अमेरिकन लेखकाच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लघुकथेचे शीर्षक म्हणून प्रथम छापला गेला. ‘सायबर’ म्हणजे यंत्रनियंत्रणाचे शास्त्र. ‘पंक’ म्हणजे १९७० च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेतील बेकार, बिथरलेल्या तरुणांनी आपल्या संगीताला आणि राहणीला घेतलेले नाव. १९८२ साली रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट आला. त्याचा आधार फिलिप डिक यांची १९६८ सालची कादंबरी होती. १९८४ साली विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि या प्रकाराला त्याचा पायाभूत ग्रंथ मिळाला. संगणकाच्या जाळ्यातील जगाचे हे चित्र गिब्सन यांनी साध्या टाइपरायटरवर लिहिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. लेखकाला यंत्राची फारशी माहिती नव्हती. माहिती होती ती समाजाच्या वाटचालीची.

तो काळ कोणता होता? १९८१ साली अमेरिकेत रेगन सरकारने संपावर गेलेल्या ११ हजारांहून अधिक विमानवाहतूक नियंत्रकांना एका झटक्यात कामावरून काढले होते. १९८४-८५ मध्ये ब्रिटनमध्ये थॅचर सरकार खाणकामगारांचा संप चिरडीत होते. आणि ‘न्यूरोमॅन्सर’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, २ डिसेंबरच्या रात्री, भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो गोरगरीब मेले. कंपनीने १९८९ साली ४७ कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवले आणि तिचा प्रमुख वॉरन अँडरसन २०१४ साली मरेपर्यंत भारतीय न्यायालयात खटल्यासाठी उभा राहिला नाही. गिब्सन यांच्या कादंबरीत बहुराष्ट्रीय कंपन्या राज्यसंस्थेच्या वर बसलेल्या आहेत, देशांचे कायदे त्यांना शिवत नाहीत. युरोप-अमेरिकेच्या वाचकाला ते भविष्याचे चित्र वाटले. भोपाळच्या जयप्रकाशनगरात ते वर्तमान होते.

व्याख्येचा गाभा

तेव्हा या प्रकाराची खरी व्याख्या पावसात आणि दिव्यांत शोधून चालणार नाही. ती उत्पादनसंबंधांत शोधली पाहिजे. ‘उच्च तंत्र आणि हीन जीवन’ असे या प्रकाराचे वर्णन त्याचे चाहतेही करतात. हे वर्णन बरोबर आहे, पण त्यातला ‘आणि’ हा शब्द फसवा आहे. तंत्र उंच गेले आणि योगायोगाने जीवन खालावले, असे होत नसते. तंत्राची मालकी मूठभरांच्या हाती एकवटते म्हणून बहुसंख्यांचे जीवन खालावते.

या दृष्टीने पाहिले तर सायबरपंकची लक्षणे चार ठरतात. पहिले, मक्तेदार कंपनी ही राज्यसंस्थेची जागा घेते किंवा तिला आपल्या दारची चाकर बनवते. दुसरे, माहिती ही मालमत्ता बनते आणि तिच्याभोवती कुंपण घातले जाते. तिसरे, माणसाचे शरीर आणि स्मृतीसुद्धा विक्रीचा माल बनतात. ‘ब्लेड रनर’मधील कृत्रिम माणसे म्हणजे चार वर्षांच्या आयुष्याची मुदत ठरवून घडवलेले वेठबिगारच आहेत. चौथे, तळातली माणसे कंपनीने टाकून दिलेल्या यंत्रांचे तुकडे जोडून स्वतःच्या जगण्याची सोय करतात. ही चार लक्षणे जेथे आहेत तेथे निऑनचा एकही दिवा नसला तरी ते सायबरपंक आहे. ती नसतील तर हजार दिवे लावूनही ती केवळ रोषणाई ठरते.

कावेरीकाठचे प्रकरण

हे चित्र पाहण्यासाठी टोकियोला किंवा लॉस एंजेलिसला जाण्याची गरज नाही. तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यातले कुंभकोणम पुरेसे आहे. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसले घराण्याची गादी होती. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमध्ये वसलेले हे मंदिरांचे, पितळी भांड्यांचे आणि रेशीम विणकरांचे गाव. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच गावात गेले. त्यांचे वडील येथल्या एका कापडदुकानात कारकून होते.

याच गावात १९०४ साली ‘कुंभकोणम बँक’ स्थापन झाली. आज ती ‘सिटी युनियन बँक’ या नावाने ओळखली जाते आणि तिचे मुख्य कार्यालय अद्याप कुंभकोणमलाच आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये या बँकेने चेन्नईत ‘लक्ष्मी’ नावाचा यंत्रमानव ग्राहकांच्या सेवेसाठी उभा केला. बँकेत काम करणारा देशातला पहिला यंत्रमानव म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्याच महिन्याच्या ८ तारखेला केंद्र सरकारने ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या होत्या. देशभर मजूर, भाजीवाल्या, म्हातारीकोतारी माणसे स्वतःचेच पैसे मिळवण्यासाठी बँकांच्या दारात दिवसदिवस रांगा लावून उभी होती. आत प्रश्नांना इंग्रजीत उत्तरे देणारे यंत्र आणि बाहेर आपल्याच कमाईसाठी ताटकळणारी जनता: सायबरपंक लेखकाला यापेक्षा नेमके दृश्य रचता आले नसते.

पुढचा अंक फेब्रुवारी २०१८ मध्ये घडला. अज्ञात चोरांनी याच बँकेच्या यंत्रणेत शिरून आंतरराष्ट्रीय पैसे-हस्तांतराच्या ‘स्विफ्ट’ या जाळ्यामार्फत तीन बनावट आदेश पाठवले. एकूण रक्कम सुमारे २० लाख डॉलर होती. एक आदेश न्यूयॉर्कमार्गे दुबईकडे, दुसरा फ्रँकफर्टमार्गे तुर्कस्तानकडे, तिसरा न्यूयॉर्कमार्गे चीनकडे गेला. दुबईकडे निघालेली रक्कम वाटेतच अडवली गेली. उरलेल्या दोन रकमा तुर्कस्तान आणि चीनमधील बँकांपर्यंत पोहोचल्या. या चोरांनी अगोदर एक साधे काम केले होते. ‘स्विफ्ट’चे संदेश कागदावर छापणारा प्रिंटर त्यांनी निकामी केला, त्यामुळे त्या रात्री गेलेल्या आदेशांची पोच कोणाच्या हाती पडली नाही. ७ फेब्रुवारीला खात्यांचा ताळमेळ घालताना चोरी उघडकीस आली. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर अशाच रीतीने पळवले गेले होते. तेथेही प्रिंटर बंद पाडला होता.

या घटनेत दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली, ज्या जाळ्यातून वित्तभांडवल क्षणार्धात खंडे ओलांडते, त्याच जाळ्यातून चोरही ओलांडतो. जाळे भांडवलाच्या वेगासाठी विणलेले आहे, ठेवीदाराच्या सुरक्षिततेसाठी नव्हे. दुसरी, चोरी पकडली ती ताळमेळाच्या रोजच्या, कंटाळवाण्या, बिनकौतुकाच्या कामाने. ज्या कारकुनी श्रमाला ‘कालबाह्य’ म्हणून हिणवले जाते, त्याच श्रमाने यंत्रणेची लाज राखली.

आणि याच गावाची आणखी एक आठवण आहे, ती पुसून चालणार नाही. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधील एका खाजगी शाळेत स्वयंपाकघरातून उठलेली आग झापांच्या छपराला लागली आणि ९४ लहान मुले जळून मेली. ज्या गावाच्या बँकेला पुढे यंत्रमानव परवडला, त्या गावाच्या मुलांच्या डोक्यावर पक्के छप्पर नव्हते. शाळेचा दोष बँकेच्या माथी मारण्याचा येथे प्रश्न नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे. जेथे नफा आहे तेथे तंत्र धावत जाते, आणि जेथे गरज आहे पण नफा नाही तेथे छपराची झापेही बदलली जात नाहीत. ‘उच्च तंत्र, हीन जीवन’ या सूत्राचा हा भारतीय अर्थ आहे.

पुण्याची साक्ष

कुंभकोणम हा अपवाद असता तर गोष्ट वेगळी. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर, म्हणजे १९०६ साली स्थापन झालेल्या संस्थेवर, मोठा घाला पडला. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेची बनावट प्रतिकृती उभी करून चोरांनी ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतून पैसे काढले. १३ ऑगस्टला ‘स्विफ्ट’मार्फत हाँगकाँगच्या एका खात्यात १३ कोटी ९२ लाख रुपये वळवले. एकूण लूट ९४ कोटी ४२ लाखांची होती. देशातल्या देशात कोल्हापूरसारख्या शहरांतील एटीएमवर बनावट कार्डे घेऊन माणसे उभी केली गेली होती.

२०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. हे सारे कार्ड घेऊन यंत्रासमोर उभे राहिलेल्या आणि त्यांची जुळवाजुळव करणाऱ्या थरातले होते. ज्यांनी हे जाळे विणले ते या न्यायालयाच्या हाती लागले नाहीत. येथे सायबरपंक कादंबऱ्यांतील सर्वात मोठे मिथक गळून पडते. त्या कादंबऱ्यांत संगणकाच्या जाळ्यात शिरणारा चोर हा बंडखोर वीर असतो, तो कंपन्यांना नमवतो. वास्तवातला चोर ठेवीदारांच्या बचतीवर घाला घालतो आणि तुरुंगात जाण्यासाठी रस्त्यावरचा माणूस पुढे करतो. भांडवली धंद्यातील ठेकेदारीची पद्धत गुन्ह्याच्या धंद्यातही तशीच चालते: नफा वर, धोका खाली.

एकटा वीर: या प्रकाराचे पंगुत्व

सायबरपंकने रोगाचे निदान बऱ्याच अंशी अचूक केले, पण औषधाच्या जागी त्याच्याकडे काही नाही. ‘न्यूरोमॅन्सर’चा नायक भाड्याने घेतलेला चोर आहे. ‘ब्लेड रनर’चा नायक पळालेल्या गुलामांना टिपणारा शिकारी आहे. १९९९ सालच्या ‘मेट्रिक्स’मध्ये मानवजात यंत्रांची बंदिवान आहे, पण तिची सुटका एका निवडलेल्या तारणहारावर सोपवलेली आहे. या साऱ्या शहरांत लक्षावधी श्रमिक गर्दी म्हणून दिसतात. त्यांची युनियन दिसत नाही, सभा दिसत नाही, संप दिसत नाही. ज्या दशकात हा प्रकार जन्मला ते दशक पश्चिमेत कामगार चळवळीच्या पराभवाचे होते, आणि त्या पराभवाला या लेखकांनी निसर्गनियम मानले. पराभव हा इतिहासातला एक प्रसंग असतो, इतिहासाचा शेवट नसतो, हे त्यांना उमगले नाही.

बाजाराने नेमके हेच पंगुत्व उचलले. पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट’ या कंपनीने १० डिसेंबर २०२० रोजी ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ विक्रीस आणला. माईक पाँडस्मिथ यांनी १९८८ साली रचलेल्या खेळावर तो आधारलेला आहे. या खेळाचा विषय मक्तेदार कंपन्यांचे अत्याचार हा आहे. तो तयार करणाऱ्या कामगारांना मात्र, सक्तीचे जादा काम लादणार नाही या पूर्वीच्या आश्वासनानंतरही, अखेरच्या टप्प्यात आठवड्याचे सहा दिवस राबावे लागले. घाईने बाहेर काढलेला खेळ इतका सदोष निघाला की सोनी कंपनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून मागे घेतला आणि तो परत यायला जून २०२१ उजाडला. कंपनीविरुद्धचे बंड हाच कंपनीचा विक्रीमाल झाला. भांडवलशाही स्वतःवरची टीकासुद्धा वेष्टनात बांधून विकते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधण्याची गरज नाही.

तमिळ भूमीवरची झाडे

आपल्याकडे या प्रकाराची स्वतंत्र परंपरा आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कारखान्यात मतदानयंत्राच्या निर्मितीत भाग घेतलेले अभियंते एस. रंगराजन, म्हणजेच तमिळ लेखक सुजाता, यांनी १९८० च्या दशकात ‘एन इनिय इयंतिरा’ ही कादंबरी ‘आनंद विकटन’ या साप्ताहिकातून लिहिली. २०२२ सालचा हुकूमशाही भारत, नागरिकांची नावे दोन अक्षरांपुरती, जगण्या-मरण्यावर सरकारी हिशेब, आणि एका सामान्य स्त्रीच्या साथीला यंत्राचा कुत्रा, असे तिचे कथानक आहे. ओळखक्रमांकावाचून रेशन अडण्याच्या काळात ती कल्पना परकी वाटत नाही. मराठीत संगणकावरील अरिष्टाचा विषय जयंत नारळीकर यांनी ‘व्हायरस’ या कादंबरीत हाताळला.

पण भांडवल मोठे झाले तसा आशय आकसत गेला. सुजाता यांचा संवादलेखनात हात असलेला ‘एंधिरन’ हा २०१० सालचा चित्रपट ‘सन पिक्चर्स’ या बलाढ्य प्रसारसमूहाने काढला. त्यात यंत्रमानव सैन्यासाठी घडवला जातो, पण यंत्राच्या मालकीचा प्रश्न प्रेमाच्या त्रिकोणात बुडतो. २०२४ सालच्या ‘कल्की २८९८’ या तेलुगू चित्रपटात वरच्या थरांसाठी राखलेले बंदिस्त नगर आहे, त्यात प्रवेशासाठी आयुष्यभर पुंजी जोडणारी जनता आहे, स्त्रियांच्या गर्भाचेही यंत्रवत् शोषण आहे. प्रश्न अगदी खरा मांडला आहे. उत्तर मात्र अवताराची वाट पाहण्याचे आहे. वर्गसंघर्षाच्या जागी दैवी जन्म आणून ठेवला की मालकवर्गाला त्या चित्रपटाची भीती वाटण्याचे कारण उरत नाही.

‘तुम्ही तर संगणकाचे विरोधक!’

येथे एक जुना आक्षेप उपस्थित केला जाईल. १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक रोखला, तेव्हा डाव्यांनी यंत्रावर बोलू नये, असे भांडवली वृत्तपत्रे आजही सुनावतात. यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांतला फरक ओळखायला कामगारांना काळ आणि अनुभव लागला, हे मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथात यंत्रफोड्या चळवळीसंबंधी स्पष्ट केलेले आहे. बँक कर्मचाऱ्यांनी १९८३ साली यांत्रिकीकरणावर करार केला, तो या अनुभवाचेच फळ होते. यंत्र येईल की नाही हा वाद केव्हाच मागे पडला. यंत्र कोणाच्या निर्णयाने, कोणाच्या लाभासाठी आणि कोणाच्या नोकरीच्या मोबदल्यात येणार, हा वाद आजही उभा आहे. नेमका हाच प्रश्न सायबरपंक उभा करतो आणि अनुत्तरित सोडतो.

उत्तर कोठे आहे?

उत्तर पडद्यावर नाही, पण तमिळनाडूतच ते पाहायला मिळाले. ९ सप्टेंबर २०२४ रोजी श्रीपेरुंबुदूर येथील सॅमसंग या कोरियन मक्तेदार कंपनीच्या कारखान्यात हजाराहून अधिक कामगारांनी सीटूच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. घरोघरी पोचणारी अद्ययावत यंत्रे बनवणाऱ्या या कामगारांची मुख्य मागणी जुनीच होती: आमच्या युनियनला मान्यता द्या. मंडप उखडले गेले, अटका झाल्या, तरीही संप ३७ दिवस टिकला. जानेवारी २०२५ मध्ये युनियनची नोंदणी सरकारला करावी लागली. १९६८ च्या २५ डिसेंबरला ज्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी मजुरीवाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतील ४४ जणांना झोपडीत जाळून मारण्यात आले, त्या जिल्ह्याच्या लाल झेंड्याची परंपरा आणि या कारखान्याच्या दारातला मंडप यांत सलग धागा आहे.

पोलंडमध्येही असेच घडले. २०२३ साली ‘सीडी प्रोजेक्ट’ने सुमारे १०० जणांना, म्हणजे ९ टक्के कर्मचाऱ्यांना, काढण्याचे जाहीर केले. त्यानंतर तेथल्या खेळ-निर्मिती कामगारांनी आपली युनियन उभी केली. एकट्या बंडखोराचे स्वप्न विकणाऱ्या कारखान्यातील माणसे स्वतःवर पाळी येताच संघटनेकडे वळली. खेळाच्या कथानकात जे नव्हते ते खेळाच्या कारखान्यात घडले.

तेव्हा पक्षसभासदांनी, विशेषतः युवक, विद्यार्थी आणि सांस्कृतिक आघाडीवरील कार्यकर्त्यांनी, या प्रकाराकडे पाठ फिरवू नये. जो तरुण रात्री जागून हे खेळ खेळतो, हे चित्रपट पाहतो, त्याला कंपनीची सत्ता, माहितीची मालकी आणि शरीराचा बाजार या गोष्टी अर्ध्याअधिक आधीच कळलेल्या असतात. त्याला उपदेश नको आहे. त्याला एवढेच विचारले पाहिजे: या शहरात इतकी माणसे राबतात, मग त्यातली एकही दुसऱ्याचा हात धरून का उभी राहत नाही? हा प्रश्न त्याच्या मनात एकदा रुजला की वाचनवर्गाची चर्चा कारखान्याच्या, बँकेच्या, गोदामाच्या दारापर्यंत आपोआप पोचते. आणि ज्यांना कथा लिहिता येतात त्या साथींनी कुंभकोणमचा तो मुका प्रिंटर, सकाळी ताळमेळ घालणारे हात आणि श्रीपेरुंबुदूरचा मंडप या तिन्ही गोष्टी एका कथेत आणाव्यात. तशी कथा अद्याप लिहायची राहिली आहे.